चीत आणि पालथा

आमच्या लातूरकडं चैत्रात जत्रा सुरू झाल्या की ऊन कलंडायच्या आत फडाभोवती माणसं दाटतात. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या, मग इनामाच्या, शेवटी मानाची. हलगी कडकडत असते आणि सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळलेले असतात: पाठ मातीला लागली का? लागली की चीत. संपलं.

माझा भाचा पोलीस शिपाई आहे. भरतीच्या आधी सहा वर्षं तालमीत होता. एकदा जेवताना म्हणाला, "मामा, आमचं सगळं उलटं असतंय. तालमीत उताणा पाडला की जिंकलो. इथं उताणा पडलेला गडी हात चालवायलाय, लाथा मारायलाय, चावायलाय. पालथा करून हात मागं घेतल्याबिगर बेडी बसतच नाही."

तो हसत बोलला. मी मात्र भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, माझा घास तिथंच थांबला. एकच विद्या, पण तिचा शेवट उलटा केला की कुठले डाव उपयोगी राहतात आणि कुठले जिवावर बेततात?

तोलापासून सुरू करू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. तिथून जमिनीकडे ओळंबा सोडला आणि तो दोन पावलांच्या मधल्या जागेत पडला, तर माणूस उभा राहतो. बाहेर गेला की पडतो. पैलवान पट काढतो, म्हणजे समोरच्याचे पाय धरून ओढतो, तेव्हा तो समोरच्याशी ताकदीची स्पर्धा करत नसतो, त्याच्या पायाखालची ही जागाच काढून घेतो. म्हणून तर पन्नास-पंचावन्न किलोचं पोरगं ऐंशी किलोच्या गड्याला लोळवतं आणि म्हातारे फेटे उडवतात.

दुसरी गोष्ट तरफेची. हापशाचा दांडा कोणी खिळ्याजवळ धरत नाही, टोकाला धरतो. हाताचंही तसंच आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, आणि मनगट-पंजा त्याच कोपरापासून २५-३५ सेंटिमीटरवर. पंजावर १० किलोचा भार आला की तो तोलायला स्नायूला ६०-७० किलोची ओढ लावावी लागते. पोलिसानं दोन्ही हातांनी एकच मनगट धरून ते अंगापासून लांब नेलं, तर समोरच्याचा पीळदार दंडसुद्धा लवकर थकतो. कुस्तीत ताबा घेतात, म्हणजे बगलेखालून मागं जातात, त्यातही हेच आहे. मागच्या माणसाला हात पोचत नाहीत, लाथ लागत नाही आणि ठोसा तर मारताच येत नाही.

मातीचीही एक गंमत सांगतो. कुस्तीच्या आधी पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात ती नुसत्या रिवाजापोटी नाही. माती घाम शोषते, घर्षण वाढवते, पकड टिकते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो. अशा दुपारी बंदोबस्तावरच्या शिपायाच्या हाताला माती नसते आणि समोरच्याचा दंड घामानं निथळत असतो. दंडावरची पकड सुटते. मनगटाच्या हाडाच्या जरा मागं धरलं तर पुढं पंजा रुंद होत जातो, त्यामुळे हात निसटता निसटता अडकतो. पकड नेहमी अंगठ्याच्या फटीतून सुटते, कारण एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. हे तालमीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

पण तालमीतलं सगळंच रस्त्यावर न्यायचं नसतं. समोरच्याला उचलून आपटणारे धोबीपछाड किंवा कलाजंग तालमीतल्या मातीच्या हौद्यात बघायला देखणे डाव आहेत. १.६ मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीला लागताना वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. समजा, भुसभुशीत माती ५ सेंटिमीटर दबली, तर डोक्याला गुरुत्वाच्या ३२ पट झटका बसतो. सिमेंटच्या रस्त्यावर तो थांबायला अर्धा सेंटिमीटरच मिळाला, तर ३२० पट. फेकणारा तोच, वेगही तोच, फक्त खालची जमीन बदलली. म्हणून पोलिसाला असे डाव हवेत ज्यात समोरचा धरून, सावकाश खाली बसवला जातो.

हे डाव शिकवायचे कसे, यावर माझं आणि भाच्याचं एकमत आहे. मोजून, 'एक-दोन-तीन' म्हणत, मुकाट उभ्या असलेल्या जोडीदारावर केलेला डाव अंगात मुरत नाही. भीतीच्या क्षणी ॲड्रेनलिन उसळतं, काळीज धडधडतं, बोटांची नाजूक कामं बिघडतात. मोठ्या स्नायूंच्या, हजारदा केलेल्या हालचाली तेवढ्या शिल्लक राहतात. त्याही सरावात समोरच्यानं खरा विरोध केला असेल तरच. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढली, तेव्हा ठरीव डावांइतकाच भर मोकळ्या झटापटीवर दिला. आपल्याकडे वस्ताद रोज तेच करून घेतात, त्याला लढत म्हणतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा शहराच्या पोलिसांनी २०१९ मध्ये नव्या भरतीला ब्राझिलियन जिउ-जित्सूचे, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीचे, वर्ग सक्तीचे केले. बळ वापरताना पोलिसांना होणाऱ्या दुखापती ४८ टक्क्यांनी घटल्या, असं त्यांनी नंतर जाहीर केलं. आकडे खात्याचेच आहेत आणि खातंही छोटं आहे, त्यामुळे मी फार नाचणार नाही. पण रोख पटतो. ज्याला पकडीचा भरवसा असतो त्याचा हात लाठीकडं उशिरा जातो.

आपल्याकडे कुस्ती जाणणाऱ्या पोलिसांचा तुटवडा नाही. ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून पोलीस उपअधीक्षक झाला. त्याला घडवणाऱ्यांत रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार, दोघेही लातूर जिल्ह्याच्या मातीतले.

आता पालथ्याकडं येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

नुसतं पालथं पडल्यानं निरोगी माणूस मरत नाही. आपल्यातले कितीतरी जण तसेच झोपतात. पण झटापटीनंतर अंगात आम्ल साचलेलं असतं, आणि ते निस्तरायला शरीराकडं हाताशी असलेला सगळ्यात झटपट उपाय म्हणजे धापा टाकून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं. श्वास घेताना पोटाचा पडदा खाली सरकतो, बरगड्या वर-बाहेर येतात. पाठीवर गुडघा असेल, पोट जमिनीला दाबलेलं असेल, तर दोन्ही अडतं. रक्तातलं आम्ल वाढत जातं आणि काळीज बंद पडू शकतं. माणूस लठ्ठ असेल, नशेत असेल, तर धोका आणखी. शिवाय अशा वेळी तो जी धडपड करतो ती श्वासासाठी असते, आणि वरच्याला वाटतं अजून माज उतरला नाही. म्हणून तो आणखी दाबतो.

"बोलता येतंय म्हणजे श्वास चाललाय, नाटक करतोय," हे तर सर्रास ऐकू येतं. साधा श्वास अर्ध्या लिटरचा. त्यातली साधारण १५० मिलिलिटर हवा नाक, घसा, श्वासनलिका यांतच अडकून राहते, फुफ्फुसाच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. श्वास तेवढाच उथळ झाला तरी दोन शब्द निघतात, प्राणवायू मात्र जवळपास शून्य. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पालथ्या पाडलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता, त्यातच त्यांचा जीव गेला. ते बराच वेळ बोलत होते.

गळ्याचंही इथंच सांगून टाकतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. झोंबाझोंबीत कोपर दोन बोटं सरकलं की दाब श्वासनलिकेवर जातो. कुस्तीत गळा आवळायला मनाई आहे, ती उगाच नाही.

कायदाही यापेक्षा वेगळं सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६ नुसार, अटक केलेल्याला पळून जाण्यापासून रोखायला लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. बेडी बसल्यावर हे 'लागेल तेवढं' एकदम कमी होतं, हे कलम वाचताना लक्षात येत नाही. ते अंगानं कळतं. तब्येत धड असेल तर वीस बैठका मारा आणि लगेच हात पाठीमागं घेऊन पालथे पडा, वर कोणी बसवू नका. तीन-चार श्वासांत मान आपोआप एका बाजूला वळते, खांदा उचलावासा वाटतो. मग कुशीवर व्हा.

मी अंगणात हे केलं तेव्हा भाचा पायरीवर बसून चहा पीत होता. "बेडीचं दुसरं कडं कट् वाजलं की मी गुडघा उचलतो अन् त्याला कुशीवर घेतो," तो म्हणाला. "तालमीत शिट्टी झाली की पकड सोडायचो ना, तसंच."