हँडल पुसलं की ट्रॉली सेफ? तसं नसतंय

राजारामपुरीत आमच्या ग्रुपवर परत तेच फिरायलंय, सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं हँडल लई घाण असतंय, ते पुसलं की झालं, मग पोरगं निवांत बसवा. जंतू असतात हे खरंय, अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठानं २०११ ला ८५ ट्रॉल्या तपासल्या, त्यातल्या ज्या काहींवर ई. कोलाय (विष्ठेतनं पसरणारा आतड्यातला जंतू) शोधला त्यातल्या जवळपास निम्म्यांवर तो सापडला. पण मोठा धोका पडण्याचा आहे ओ! अमेरिकेतल्याच १९९० ते २०११ च्या नोंदी सांगतात की वर्षाला साधारण २४ हजार पोरं ट्रॉलीमुळं लागून इमर्जन्सीत आली, त्यातली ७० टक्के पडून, आणि मार बहुतेक वेळा डोक्यालाच. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड, ते उभं राहून वाकलं की तोल गेलाच, कधी कधी ट्रॉलीच कलंडती आणि खाली टणक फरशी.

म्हणून सामानाच्या जाळीत बसवूच नका, हँडलजवळच्या सीटवर पट्टा लावून बसवा आणि तेलाची ऑफर बघायला हात सोडून जाऊ नका. कच्च्या चिकनची पिशवी तान्ह्या बाळाशेजारी ठेवायची नाही, त्यातनं साल्मोनेलाचा (जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूचा) संसर्ग होऊ शकतो. हँडल पुसाच की, पण पट्टा तुटका असला तर आधी ट्रॉली बदलून घ्या.