घर हलवताना कुंड्यांना शेवटचं पाणी कधी घालायचं?

आम्ही घरसामान हलवणारे. तारीख ठरवताना फोनवर सांगतोच, की कुंड्यांना शेवटचं पाणी दोन-तीन दिवस आधी घाला. तरी सामान उचलायच्या सकाळी पोचावं, तर बाल्कनीत कुंड्यांखालून ओघळ आलेले असतात. प्रवास आहे म्हणून झाडांना पोटभर पाणी पाजलेलं असतं. माया कळते, पण आमचा सगळ्यात जास्त वेळ या पाण्यापायी जातो आणि झाडांनाही त्याचाच त्रास होतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि मोठी कुंडी चार-पाच लिटर सहज पिते. जिना उतरताना ते वजन हातांना कळतं. चिंब माती गाडीच्या हादऱ्यांनी खचते, मुळांपासून सुटते आणि बारीक मुळं तुटतात. पाणी शोषणारी तीच असतात, म्हणून नव्या घरी ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ भिजून सुटतो, ते वेगळंच.

तेव्हा शेवटचं पाणी दोन-तीन दिवस आधी घाला. बोट मातीत खुपसलं तर वर कोरडं आणि खाली किंचित ओल लागली पाहिजे. निवडुंग आणि जाड पानांच्या झाडांचं पाणी आठवडाभर आधी बंद केलंत तरी बिघडत नाही. नेचे, आणि उन्हाळ्यात लवकर वाळणाऱ्या लहान कुंड्या यांना मात्र आदल्या दिवशी थोडं द्या.

आमची माणसं मातीला बोट लावल्याशिवाय कुंडी उचलत नाहीत. चिंब असेल तर निथळेपर्यंत थांबतात आणि तो वेळ बिलात धरला जातो. यावरून कुरबुर होते, पण त्याच गाडीत तुमच्या गाद्या आणि पुस्तकांचे खोकेही असतात. झाडं आम्ही सगळ्यात शेवटी चढवतो आणि सगळ्यात आधी उतरवतो, ते याच कारणासाठी की बंद गाडीतली उष्णता त्यांना कमीत कमी सोसावी लागावी.

कुंडी बदलायची हौस नव्या घरी, तीन-चार आठवड्यांनी भागवा. फायकसने पानं गाळली की लगेच फोन येतात. उजेड बदलला की हे झाड पानं टाकतंच. खत घालू नका, माती वाळल्याशिवाय पाणीही नको. जागा ठरवा आणि तिथून हलवू नका. सावलीतली झाडं एकदम कडक उन्हात ठेवलीत तर पानं भाजतात; आठ-दहा दिवस हळूहळू ऊन वाढवा.

झाडं बरीच असतील तर आधी बोलवा. येऊन बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही. उंच झाडांसाठी आधाराच्या काठ्या आणि कुंड्या न हलता बसतील असे क्रेट आमच्याकडे आहेत, पण किती आणायचे ते आधी कळायला हवं. कुंड्यांखालच्या ताटल्या तेवढ्या तुम्ही रिकाम्या करून, पुसून, वेगळ्या बांधून ठेवा.