नर्सिंग प्रवेश आणि लसींचा सहा महिन्यांचा हिशेब: पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश नक्की झाला की फिटनेस सर्टिफिकेटसोबत लसीकरणाची नोंदही मागतात. डोमिसाइल, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका यांची जुळवाजुळव पळापळ करून होते. हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचे तीन डोस मात्र कितीही पळालं तरी सहा महिने घेतातच.

मुंबईला लस जुनी आहे. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला इथे देवीची लस टोचली, ती देशातली पहिली. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. शुश्रूषा करणाऱ्यालाच रोग गाठतो, हे तेव्हापासून सगळ्यांना दिसत होतं. तरी लसीचे कायदे आणि मोहिमा वस्तीसाठी होत्या. रुग्णाच्या उशाशी उभ्या असणाऱ्यांचा वेगळा विचार फार उशिरा झाला.

तो करायला लावला हिपॅटायटिस बीने. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचली तर या काविळीचा धोका ६ ते ३० टक्के असतो. एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. भीती मात्र एचआयव्हीचीच जास्त बाळगली जाते. रक्तद्रवापासून केलेली पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये आली, यीस्टच्या पेशींत तयार होणारी १९८६ मध्ये. १९९१ च्या तिथल्या नियमाने रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती मोफत देऊ करणं मालकांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे आयात लस महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची देशी लस आली आणि चित्र पालटलं.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत विद्यार्थ्यांसाठी धनुर्वात व हिपॅटायटिस बीची लस, दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येकाची आरोग्य नोंद अशी तरतूद आहे. ही सोय कॉलेजने करायची आहे. ‘कुठूनही टोचून या’ एवढं सांगून मोकळं होणं त्या निकषाला धरून नाही, हे पालकांनी ठामपणे विचारायला हवं.

आता प्रवेश घेणारी पिढी नेमकी सांध्यावर जन्मलेली आहे. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी २००२-०३ पासून निवडक ठिकाणी आली आणि देशभर पोहोचली ती २०११-१२ च्या सुमारास. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोघींपैकी एकीच्या बाळपणीच्या कार्डावर तिन्ही डोस असतात, दुसरीच्या कार्डावर एकही नसतो. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली; त्या दिवशी गैरहजर असलेली मुलं तशीच राहिली असू शकतात. कांजिण्यांची लस सरकारी यादीत कधीच नव्हती. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत ती देणारं हे जगातलं पहिलं ठिकाण. तेव्हा वाशी-नेरुळ भागात शाळेत असलेल्यांनी ते कार्डही शोधावं.

क्रम चुकला की घोळ होतो. आधी एचबीएसएजी तपासणी (रक्तात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा अंश आहे का, ते पाहणारी), मग लस. डोसनंतर दोन-तीन आठवडे लसीतलाच प्रथिनांश रक्तात सापडू शकतो आणि धडधाकट मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. प्रौढांचा डोस साधारणपणे १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. इंजेक्शन दंडावरच घ्यायचं. कमरेत घेतल्यास लस चरबीत अडकते आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. गोठलेली कुपी वाया गेली असं समजावं. मधला डोस राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, उरलेले पूर्ण करायचे. ऑगस्टमध्ये पहिला घेतला तर तिसरा फेब्रुवारीत येतो, म्हणजे वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग बहुधा अर्धवट संरक्षणावर. म्हणून सीईटीचा फॉर्म भरतानाच पहिला डोस घ्यावा, निकालाची वाट पाहू नये.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्या या जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या, लसी आहेत. दोन्ही एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये २८ दिवस ठेवावेत. गरोदरपणी घेऊ नयेत. मँटू (क्षयरोगासाठीची त्वचेवरची) चाचणी करायची असेल तर ती या लसींआधी किंवा त्याच दिवशी, एरवी चार आठवड्यांनी. नाहीतर तिचा निकाल खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजणारी चाचणी, करायचा. १० किंवा त्याहून जास्त मिली-युनिट (mIU/ml) आले की संरक्षण आहे. कमी आले तर दुसरी मालिका आणि पुन्हा चाचणी. बहुतेक जण याच टप्प्यावर थांबतात, ‘तीन झाले ना’ म्हणून. पण नाइट ड्यूटीत सुई टोचली तर कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न या आकड्याचा असतो. तो दहा किंवा त्याहून जास्त असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काही द्यावं लागत नाही. माहीतच नसेल तर टायटर तपासायला धावावं लागतं, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं ठरलं तर ते शक्यतो २४ तासांच्या आत. म्हणून त्या रिपोर्टची एक प्रत कॉलेजच्या आरोग्य नोंदीत आणि एक स्वतःच्या मोबाइलमध्ये असावी.