चोवीस तास थांबू नका

मालिकांतला इन्स्पेक्टर रडणाऱ्या आईला सांगतो, ‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेता येत नाही.’ हा प्रसंग आपण इतक्यांदा पाहिलाय की माणूस हरवल्यावर घरचे खरंच रात्रभर वाट बघत बसतात. पडद्यावरचा गुन्हा पाहून माणसं गुन्हेगार होतात का, यावर वाद होतात. पण पडद्यावरचा चुकीचा कायदा अंगवळणी पडतो, त्याकडे लक्ष जात नाही.

भारतात असा कोणताही नियम नाही. हरवल्याची नोंद त्याच क्षणी करता येते. हरवलेलं मूल अठरा वर्षांखालचं असेल, तर अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. पहिले काही तास फार मोलाचे असतात: फोनचं लोकेशन ताजं असतं, रिक्षावाल्याला चेहरा आठवत असतो, मूल अजून शहरातच असण्याची शक्यता असते.

‘आमची हद्द नाही’ हेही ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. जाताना अलीकडचा फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचं वर्णन न्या. निघण्याआधी 112 लावा, मुलांसाठी 1098.