हरलेला डाव घेऊन या
बुद्धिबळाच्या डाव-तपासणीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून पट नेलेली मंडळी महिना-दोन महिन्यांनी परत येतात आणि म्हणतात, "ओपनिंगचं, म्हणजे सुरुवातीच्या चालींचं, एखादं पुस्तक द्या की." पुस्तकं आम्ही विकतो, कपाट भरलेलं आहे. तरी नवशिक्याला ती लगेच देत नाही. पंधरा चाली पाठ केलेल्या मुलासमोर तिसऱ्याच चालीला कुणी भलतंच खेळलं की पाठांतर तिथंच संपतं. स्वतःचा हरलेला डाव त्याहून जास्त शिकवतो, फक्त तो लिहून ठेवलेला हवा. म्हणून दुकानातच आम्ही डाव-तपासणी सुरू केली आहे. ती कशी चालते ते एका डावावरूनच बघा.

विडी घरकुल वसाहतीतून सहावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. घरी तेलुगू, दुकानात मराठी, पटासमोर गप्प. पांढऱ्याकडून खेळलेला डाव वहीच्या पानावर लिहून आणला होता. "नववी चाल चुकली, हत्ती गेला," एवढंच म्हणाला. डाव असा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलंय तिथं प्यादं):

१. ई४, ई५ २. वजीर एच५, घोडा सी६ ३. उंट सी४, जी६ ४. वजीर एफ३, घोडा एफ६ ५. डी३, घोडा डी४ ६. वजीर डी१, डी५ ७. प्यादं मारतं डी५, घोडा मारतो डी५ ८. उंट मारतो डी५, वजीर मारतो डी५ ९. सी३, वजीर मारतो जी२ १०. प्यादं मारतं डी४, वजीर मारतो एच१.

नववी चाल चुकलीच होती. सी३ करून घोड्याला हुसकावण्याच्या नादात जी२ उघडं राहिलं. तिथं घोडा एफ३ खेळला असता तर काळ्या वजिराची तिरकी वाट अडली असती. झालं उलटंच: एका घोड्याच्या बदल्यात प्यादं आणि हत्ती गेला, वर जी१चा घोडाही जागीच अडकला. तो हलला तर राजाला शह!

पण तपासणी इथं थांबत नाही. आठव्या चालीनंतरचा पट आम्ही त्याला मांडायला लावला आणि सांगितलं, पांढऱ्याचं जागचं काय काय हललंय ते मोज. दोनदा मोजून तो म्हणाला, "एकच. डी३चं प्यादं." बाकी सगळं डब्यातून आत्ताच काढून मांडल्यासारखं. आठ चालींतल्या तीन वजिराने खाल्ल्या, आणि तो फिरून घरीच आला. ई प्यादं आणि उंट अदलाबदलीत गेले.

मग दुसऱ्या चालीवर आलो. वजीर एच५ का? तर चार चालींची मात. सुरुवातीला एफ७च्या प्याद्याला राजाशिवाय राखणदार नसतो, तिथं वजीर घुसवायचा. ही युक्ती दोन चुलत भावांवर चालली होती, म्हणून हात आपोआप वजिराकडं गेला. समोरच्याला ती माहीत होती. त्याने जी६ करून वजिराला हाकललं, एफ६ला घोडा आणून वाट बंद केली, डी४च्या घोड्याने पुन्हा हाकललं. वजिराला पळवता पळवता त्याचं घरचं कामही होत होतं.

मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत. इतका वेळ नुसते बघत होते. म्हणाले, "कापडात रेघ दिसती तिथं बघून काय उपयोग? धागा कुठं तुटला ते मागं जाऊन बघायचं." यापेक्षा नीट आम्हालाही सांगता आलं नसतं.

बाकी चुका थोडक्यात. उगाच कडेची प्यादी ढकलणं, एकच घोडा तीनदा नाचवणं, समोरच्याची चाल न बघता आपली ठरवलेली खेळणं. या जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतात.

एक चूक मात्र वेगळी, ती बऱ्याचदा आजोबांकडून येते. आपल्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला कडेला सुरक्षित नेणं, नसतो. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. अशा घरातली मुलं शेवटाकडं छान खेळतात, पण राजा मधोमध उभा ठेवतात. आजोबांना दोष देऊ नका. पंजाबातून इंग्लंडला गेलेले सुलतान खानही देशी नियमांवर वाढलेले. सुरुवात हीच त्यांची कच्ची बाजू होती, तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेतेपद मिळवलं आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. फक्त मुलांना किल्लेकोटाची सवय लावायला हवी. लहानग्यांना आम्ही सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचं उदाहरण देतो: दुहेरी तटबंदी आहे, मग राजा बाहेर मैदानात कशाला? लगेच पटतं.

मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, वापरायला हरकत नाही, लिचेस या संकेतस्थळावर ते मोफतही आहे. पण ते शेवटी लावा. इंजिन नवव्या चालीपाशी लाल खूण करेल आणि बरोबरच करेल. चुलत भावांवरची युक्ती डोक्यात होती, हे त्याला कुठून कळणार?

आणताना एवढं बघा. डाव हरलेला असावा आणि मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा, खाडाखोड चालेल. शेवट आठवत नसेल तर पहिल्या बारा चाली पुरतात. शेजारी "इथं मला असं वाटलं" असं एखादं वाक्य असेल तर काम निम्मं होतं. मुलासोबत पालकांनी बसावं, पण उत्तरं मुलाला देऊ द्यावीत. एका डावाला साधारण पाऊण तास लागतो. आमच्याकडून पट घेतलेल्यांना पहिल्या डावाचे पैसे नाहीत.

वेळ संध्याकाळी ६ नंतर, सोमवार सोडून. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत येऊ नका, तेव्हा आम्हीही यात्रेतच असतो.