संदर्भांचा खोका

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये आता एक दुपार संदर्भ साठवून ते हव्या त्या शैलीत मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ठरलेली असते. ग्रंथालयाच्या संगणक कक्षात सगळ्यांना बसवून झोटेरो किंवा मेंडेली इन्स्टॉल करून घेतात, वर्डमध्ये नवा टॅब उमटला की नाही ते पाहतात, एखादा लेख सेव्ह करून दाखवतात आणि चहा येतो. हे सॉफ्टवेअर आलं कुठून आणि आहे कोणाचं, हे कोणी विचारत नाही. तीन-चार वर्षं जमवलेले संदर्भ ज्याच्या हवाली करायचे त्याची थोडी चौकशी करायला हवी. स्थळ पाहताना आपण करतोच की.

आमच्या सरांच्या पिढीकडे खोका असायचा. राजकारणातला नव्हे, बुटांचा. त्यात तीन बाय पाच इंचांची कार्डं. वरच्या कोपऱ्यात आडनाव, खाली पुस्तक, प्रकाशक, साल. मागच्या बाजूला उतारा आणि पान क्रमांक. लिहायला बसायचं म्हणजे कार्डं सतरंजीवर पसरायची, अकारविल्हे लावायची आणि गठ्ठा टायपिस्टकडे न्यायचा. मधेच एक तळटीप वाढली की पुढचे सगळे आकडे बदलायचे. काम किचकट होतं, पण वाळवी आणि पाऊस सोडला तर त्या खोक्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता.

कार्डावरची माहिती एकच, ती छापायच्या तऱ्हा मात्र वाढत गेल्या. १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी कवच नसलेल्या गोगलगायीवर लेख लिहिला आणि त्यात लेखकाचं नाव नि साल मजकुरातच कंसात टाकलं. आज जिला 'हार्वर्ड पद्धत' म्हणतात तिची नाळ तिथपर्यंत पोचते. गंमत म्हणजे तिचा एकच असा अधिकृत नियमग्रंथ नाही, त्यामुळे विद्यापीठागणिक हार्वर्ड वेगळं. १९२९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लेखनाचे नियम सात पानांत बसवले होते. त्याच एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीची २०१९ मधली सातवी आवृत्ती चारशे पानांवर गेली आहे. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला जमले आणि त्यांच्या नियमांतून मजकुरात नावाऐवजी आकडे टाकायची पद्धत वैद्यकशास्त्रात रुळली. म्हणजे एका नियतकालिकाने लेख परत पाठवला आणि दुसरीकडे द्यायचा ठरवला, की सत्तर-ऐंशी संदर्भ हाताने नव्याने मांडायचे. या सॉफ्टवेअरचा जन्म आळसातून झाला असं काही ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात. मला वाटतं तो या हमालीतून झाला.

सुरुवात संगणकवाल्यांनी स्वतःपुरती केली. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात 'रेफर' नावाचा प्रोग्रॅम आला: साध्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह नि एक अक्षर, पुढे लेखक किंवा शीर्षक. १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या जोडीला बिबटेक लिहिला. गणित-भौतिकीवाले अजून त्यावरच आहेत. माहिती एकदाच भरायची आणि मांडणी यंत्रावर सोडायची, ही कल्पना तिथे पक्की झाली.

घरगुती संगणक आले तसा धंदा आला. ऐंशीच्या दशकात रेफरन्स मॅनेजर, प्रोसाइट आणि एंडनोट ही तीन नावं बाजारात होती, तिन्ही वेगवेगळ्या छोट्या कंपन्यांची. २००० च्या आसपास तिन्ही थॉमसन (पुढे थॉमसन रॉयटर्स) या बड्या कंपनीच्या छपराखाली आली. रेफरन्स मॅनेजरची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबली, पण तो एक वारसा ठेवून गेला. कोणत्याही नियतकालिकाच्या साइटवर संदर्भ उतरवून घेताना 'आरआयएस' असा पर्याय दिसतो, तो रेफरन्स मॅनेजर काढणाऱ्या 'रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स' या कंपनीच्या आद्याक्षरांवरून. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. 'टीवाय' म्हणजे प्रकार, 'एयू' म्हणजे लेखक, शेवटी 'ईआर'. तेच जुनं कार्ड, ओळी पाडलेलं.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने झोटेरो आणलं. फुकट, मुक्तस्रोत, फायरफॉक्समध्ये बसणारं. नाव अल्बेनियन भाषेतल्या 'आत्मसात करणं' अशा अर्थाच्या शब्दावरून. इतिहासवाल्यांनी सॉफ्टवेअर करावं याचं तेव्हा नवल वाटलं असेल. पण कार्डांचा सर्वाधिक जाच त्यांनाच होता.

मग २००८ मध्ये एंडनोटचे मालक थॉमसन रॉयटर्स यांनी विद्यापीठावरच दावा ठोकला. मागणी १ कोटी डॉलरची. तक्रार अशी की झोटेरोची नवी आवृत्ती एंडनोटच्या शैलीच्या फाइली वाचते आणि त्यासाठी विद्यापीठाने परवान्याच्या अटी मोडून त्या फाइली उकलल्या. शैलीची फाइल म्हणजे काय, तर अमुक नियतकालिकाला साल कंसात हवं आणि नाव तिरप्या अक्षरात हवं, एवढंच सांगणारी सूचना. नियम नियतकालिकाचा, संदर्भ संशोधकाचे आणि मालकी सांगणार कंपनी! विद्यापीठाने माफी मागितली नाही, उलट एंडनोटचा परवानाच पुढे चालू ठेवायचा नाही असं जाहीर केलं. जून २००९ मध्ये दावा फेटाळला गेला. दरम्यान भूगोलाचे प्राध्यापक ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेली शैली लिहायची मुक्त भाषा, सीएसएल, झोटेरोने उचलली होती. पुढे मेंडेलीनेही तीच घेतली. आज तिच्या सामायिक साठ्यात दहा हजारांहून अधिक शैली आहेत.

मेंडेलीची गोष्ट वेगळ्या वळणाची. तीन जर्मन पीएचडी विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये ती उभी केली. नावात अनुवंशशास्त्राचे मेंडेल आणि आवर्तसारणीचे मेंडेलीव दोघेही आहेत. २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या नियतकालिकांच्या बड्या प्रकाशकाने ती विकत घेतली तेव्हा बरेच संशोधक चिडले, कारण ज्यांच्या महागड्या वर्गण्यांवर ते कुरकुरत होते त्यांच्याच घरी आता त्यांची कार्डं गेली. २०१८ मध्ये मेंडेलीने तुमच्याच संगणकावरचा डेटाबेस कुलूपबंद केला. कंपनीने गोपनीयतेचं कारण दिलं. परिणाम असा की झोटेरोला तो थेट वाचता येईना. मग झोटेरोवाल्यांनी मेंडेलीच्या ऑनलाइन खात्यातून संदर्भ आणायची वाट काढली.

आपल्याकडे या सगळ्याला वेग आला तो वाङ्मयचौर्याच्या धाकाने. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनी दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य धरलं, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळतात. त्यामुळे नीट संदर्भ देणं एकदम सगळ्यांनाच महत्त्वाचं वाटू लागलं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याची पंचाईत मात्र निराळी आहे. या सॉफ्टवेअरला प्रत्येक माणूस नाव आणि आडनाव अशा दोन चौकटींत हवा असतो. वि. वा. शिरवाडकर त्यात मावतात, पण त्यांच्याच कविता कुसुमाग्रज या नावाने आहेत. झोटेरोत नावाच्या दोन चौकटींची एक करायचं छोटं बटण आहे, ते या कामाचं. जुन्या पुस्तकावर नुसता शक असला तर ७८ मिळवून भरावं लागतं. शके १८२० चं पुस्तक तसंच १८२० म्हणून भरलं तर ते सालवार यादीत राजवाड्यांच्याच काय, बाळशास्त्री जांभेकरांच्याही आधी जाऊन बसतं. आणि इंग्रजी शैली लावली की दोन मराठी नावांच्या मधे 'अँड' येऊन उभा राहतो. त्यावर उपाय आहे, कारण सीएसएलची शैली ही कुलूप नसलेली, साध्या मजकुराची फाइल असते. ती उतरवून घ्या, तिची प्रत करून वेगळं नाव द्या आणि 'आणि', 'संपा.', 'पृ.' हे शब्द तिच्यात घाला. पहिल्यांदा अर्धी दुपार जाते. नंतर ती फाइल विभागातल्या सगळ्यांना पाठवता येते.