परवाने विकत घेतले की प्रदूषण करायला मोकळीक?

‘पैसेवाल्या कंपन्या कार्बनचे परवाने विकत घेतात आणि हवा तेवढा धूर सोडतात, म्हणजे एकूण प्रदूषण तेवढंच राहतं’ हा मजकूर अनेक वर्षं फिरतो आहे. शंका रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते: परवान्यांची संख्या. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याची मुभा, आणि असे एकूण किती परवाने द्यायचे ते सरकार आधीच ठरवतं.

समजा, दोन कारखाने प्रत्येकी १०० टन कार्बन डायऑक्साइड सोडतात. सरकारने दोघांना मिळून १६० टनांचेच परवाने दिले, प्रत्येकी ८०. पहिल्याने जुना बॉयलर बदलला, उत्सर्जन ६० वर आणलं आणि उरलेले २० विकले. दुसऱ्याची भट्टी बदलणं फार खर्चिक, म्हणून त्याने ते घेतले. दुसरा १०० वरच राहिला, हे खरंच. पण बेरीज १६०. व्यवहार कितीही होवोत, ती वाढत नाही. घट फक्त जिथे स्वस्त पडते तिथे आधी होते.

अमेरिकेत १९९५ पासून वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर हीच पद्धत लावली गेली आणि ते उत्सर्जन खूप घटलं.

मात्र परवान्यांची एकूण मर्यादाच सैल असेल, तर परवाने स्वस्त होतात आणि कुणी काही बदलत नाही. युरोपात २००८ च्या मंदीनंतर असे परवाने साचले होते. माझ्या मते खरा प्रश्न इथे विचारायला हवा.

एखादी परवाना योजना पडताळायची असेल तर तिची एकूण मर्यादा दरवर्षी किती टनांनी उतरते आणि प्रत्यक्ष मोजलेलं उत्सर्जन किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.